व्हिकर खुनाचा छडा लावतो, पण कुठल्या कादंबऱ्यांत ते पटतं?

‘ग्रँटचेस्टर’ मालिका बघून संपली, फादर ब्राऊनच्या गोष्टी कॉलेजात असताना वाचल्या होत्या, आता इंग्लंडमधल्या पाद्र्यांनी खून उकलल्याच्या आणखी कादंबऱ्या वाचायच्या आहेत. कुठून सुरुवात करू? आणि पोलीस असताना हा पाद्रीबाबा मध्ये कशाला घुसतो, त्याला दुसरं काम नाही का? असा प्रश्न आला आहे. हा पाद्रीबाबा म्हणजे व्हिकर, इंग्लंडमधल्या गावच्या चर्चचा पाद्री. दुसरा भाग आधी घेते. तो समजला की वाचायच्या पुस्तकांची यादी आपोआप आखूड होते.

अनुवादासाठी इंग्रजी रहस्यकथा वाचून ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ असा शेरा प्रकाशकाला देणं हे माझं पोटापाण्याचं काम. व्हिकरवाल्या कादंबऱ्या त्या गठ्ठ्यात कायम असतात, कारण तिकडे त्यांना खप आहे. मुखपृष्ठावर दगडी चर्च, बाजूला हिरवळ, एखादं कुत्रं, आणि आत प्रेत. त्यातल्या बऱ्याचशांवर मी ‘सोडा’ लिहिते.

आधी एक गल्लत निस्तरू. फादर ब्राऊन या यादीत बसत नाही. तो रोमन कॅथलिक. त्याचा लेखक चेस्टरटन. त्याने ती पहिली गोष्ट १९१० साली लिहिली, तेव्हा तो स्वतः कॅथलिक नव्हता. त्याने १९२२ साली धर्मपंथ बदलला. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘फादर’ म्हटलं की वसईचा किंवा गोव्याचा, पांढऱ्या झग्यातला, लग्न न केलेला माणूस येतो आणि तो बरोबरच आहे, पण तो कॅथलिक. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, व्हिकर वेगळा प्राणी. त्याला बायको असते, मुलं असतात, स्वयंपाकघरात काय जळलं याची चिंता असते. ‘ग्रँटचेस्टर’चा नायक, व्हिकर सिडनी चेंबर्स, प्रेमात पडतो तेव्हा आपल्याकडचा प्रेक्षक क्षणभर चपापतो, तिकडचा नाही. आपल्याकडे हा पंथ इंग्रजांबरोबर आला. मुंबईतलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उपासनेसाठी खुलं झालं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजामुळे चर्चगेट हे नाव पडलं. १९७० साली इथले अँग्लिकन इतर प्रोटेस्टंट पंथांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले, त्यामुळे अँग्लिकन अशी वेगळी पाटी आता आपल्याला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र हे राज्याचं चर्च आहे. राजा किंवा राणी त्याचा सर्वोच्च अधिकारी, सव्वीस बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. आणि रहस्यकथेच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पॅरिश. अख्खा देश पॅरिशांमध्ये वाटलेला आहे. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, मग तो देव मानो न मानो, व्हिकरच्या जबाबदारीत येतो. त्याला आपल्या पॅरिशच्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा हक्क आहे, दफनभूमीत जागा असेल तर पुरलं जाण्याचाही. म्हणजे व्हिकर फक्त भाविकांचा नसतो. गावातल्या नास्तिक डॉक्टरच्या, दारुड्या माळ्याच्या आणि वाड्यावरच्या लॉर्डच्या दारावर तो सारख्याच अधिकाराने टकटक करू शकतो, आणि त्याला ‘तुम्ही इकडे कुठे?’ असं कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या ग्रामजोशी, तलाठी आणि सरपंच यांची थोडी थोडी कामं एकाच माणसाच्या गळ्यात घातली, तर जे होईल ते.

आता या माणसाकडे काय काय जमा होतं ते बघा. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं सुरू झालं. कोण कधी जन्मलं, आईबापांचं लग्न त्याआधी किती दिवस झालं होतं, बापाच्या रकान्यात नाव आहे की रेघ, हे सगळं व्हिकरच्या कपाटात. लग्नाआधी तीन रविवार भर चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायची आणि ‘या लग्नाला कोणाला काही अडचण माहीत असेल तर सांगा’ असं विचारायचं, ही पद्धत आजही आहे. रहस्यकथाकाराला याहून आयतं काय हवं? दुसऱ्या गावात पहिली बायको ठेवून आलेला नवरदेव त्या तीन रविवारी किती घामाघूम होत असेल, याचा विचार करा.

शिवाय पोलीस येतात खून झाल्यावर. व्हिकर त्याआधी वीस वर्षं तिथे असतो आणि पोलिसांची गाडी गेल्यावरही तिथेच असणार असतो. मरणाऱ्याच्या उशाशी तो, दफन करणारा तो, आणि दफनानंतरच्या चहाला विधवेच्या शेजारी बसणाराही तोच. पूर्वी त्याची नेमणूक जवळजवळ आजन्म असे. बिशप रागावला, आर्चडीकनने, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठाने, येऊन कान उपटले, तरी त्याला सहजी हलवता येत नसे. म्हणजे गावात राहून गावाला न घाबरणारा माणूस. हौशी गुप्तहेराला हेच लागतं.

यातला सर्वांत रंगतदार भाग पापनिवेदनाचा. कॅथलिक पंथात ते नियमित आहे, आणि त्यात ऐकलेलं धर्मगुरू काही झालं तरी उघड करत नाही. त्यावर कितीतरी कथा उभ्या आहेत. अँग्लिकनांमध्येही असं निवेदन करता येतं, सक्ती नाही, बहुतेक लोक करत नाहीत. गुप्ततेचा नियम मात्र आहे, तोही १६०३ सालचा. त्या वर्षीच्या नियमावलीतल्या ११३ व्या कलमाचा एक तुकडा आजही लागू आहे आणि त्यात पाद्र्याला गुपित फोडायला बंदी केली आहे. अपवाद एकच: जो गुन्हा लपवल्याबद्दल देशाच्या कायद्याने पाद्र्याचाच जीव धोक्यात येईल, तो. व्यवहारात होतं असं, की व्हिकरला गावाची गुपितं विधिवत निवेदनात कमी आणि चहाच्या टेबलावर, दफनभूमीच्या फाटकाशी, गाडीत सोडताना जास्त कळतात. मग प्रश्न पडतो, आत्ता या बाईने मला जे सांगितलं ते निवेदन होतं की नुसत्या गप्पा? हे मी इन्स्पेक्टरला सांगू शकतो का? फादर ब्राऊनपुढे हा पेच इतका निसरडा नसतो. चांगला अँग्लिकन लेखक या निसरड्या जागेवरच कादंबरी उभी करतो, आणि कच्चा लेखक तिच्याकडे बघतही नाही.

तर माझी कसोटी एवढीच: खुनाचा धागा व्हिकरच्या कामातून निघतो का? त्याच्या जागी निवृत्त पोस्टमास्तर ठेवला आणि कथेचं काहीच बिघडलं नाही, तर ती कादंबरी व्हिकरची नाही. त्याला फक्त पांढरी कॉलर घातलेली आहे.

या कसोटीवर सगळ्यात चोख उतरणारं पुस्तक गमतीने असं आहे, की त्यात व्हिकर गुप्तहेरच नाही. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’, १९३०. मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर बाईची ही पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड गावचा व्हिकर लेनर्ड क्लेमंट ती आपल्या तोंडाने सांगतो. सुरुवात जेवणाच्या टेबलावर होते. क्लेमंट चिवट मांस कापता कापता म्हणून जातो, की कर्नल प्रोथेरोचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील. हा कर्नल चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा गावकरी, आहे, चर्चच्या हिशेबात घोटाळा असल्याचा त्याला संशय आहे, आणि वह्या तपासायला तो व्हिकरेजवर, म्हणजे व्हिकरच्या घरी, यायचा आहे. त्या संध्याकाळी व्हिकरला फोन येतो: लोअर फार्मवरचा ॲबट मरायला टेकलाय, लगेच या. क्लेमंट दोन मैल तंगडतोड करून पोचतो तर ॲबट ठणठणीत. परत येतो, तर त्याच्याच अभ्यासिकेत, त्याच्याच लिहिण्याच्या टेबलावर कर्नल मरून पडलेला.

हा फोन बघा. दुसऱ्या कोणाला घराबाहेर काढायला खुन्याला काहीतरी थाप रचावी लागली असती, आणि त्या माणसाने आधी चौकशी केली असती. व्हिकरला मरणाऱ्याने बोलावलं की प्रश्न न विचारता जावं लागतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सापळा त्याच्या कर्तव्यावरच बेतलेला आहे. अभ्यासिकेला बागेकडून उघडणारं दार आहे आणि त्यातून येणारा-जाणारा घंटी वाजवत नाही, कारण व्हिकरेज अर्धं सार्वजनिक घर असतं. आणि घड्याळ. टेबलावर उलथून पडलेलं घड्याळ सहा बावीसला थांबलंय, कर्नलने लिहायला घेतलेल्या चिठ्ठीवर सहा वीस ही वेळ आहे, आणि इन्स्पेक्टर स्लॅक खूश आहे. क्लेमंट त्याला सांगू पाहतो, की ते घड्याळ आम्ही मुद्दाम पाव तास पुढे ठेवतो, नाहीतर मला कुठेही वेळेवर पोचता येत नाही. स्लॅक त्याला बोलूच देत नाही. पाद्र्याने आपलं काम करावं, आमच्यात नाक खुपसू नये, असा त्याचा सूर. घरच्या माणसाला माहीत असलेली साधी गोष्ट बाहेरच्या अधिकाऱ्याच्या कानात शिरत नाही, हा ख्रिस्तीचा आवडता विनोद, आणि इथे तोच पुराव्याचा कणा आहे. शेवट सांगत नाही. क्लेमंट एका रविवारी नेहमीचं मिळमिळीत प्रवचन सोडून पेटून बोलतो, त्या प्रसंगाकडे मात्र लक्ष ठेवा.

याच काळातलं दुसरं पुस्तक म्हणजे डोरोथी सेयर्सची १९३४ सालची ‘द नाईन टेलर्स’. गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी, पण पुस्तकाचा जीव आहे फेनचर्च सेंट पॉल गावचा रेक्टर व्हेनेबल्स. रेक्टर म्हणजे व्हिकरसारखाच गावचा पाद्री, फक्त हुद्द्याचं नाव वेगळं. सेयर्सचे वडील स्वतः रेक्टर. त्यांच्याकडे ब्लंटिशमचं चर्च होतं, आणि तिचं बालपण त्या सपाट, पाणथळ फेन प्रदेशात गेलं. कादंबरीत वर्षअखेरच्या रात्री विम्झीची गाडी खड्ड्यात जाते, तो रेक्टरकडे आसऱ्याला जातो आणि तापाने फणफणलेल्या एका घंटावादकाच्या जागी नऊ तास घंटा वाजवत उभा राहतो. पुढे ईस्टरच्या सुमारास सर हेन्री थॉर्पला बायकोशेजारी पुरायला कबर उघडतात, तर आत भलत्याच माणसाचं प्रेत. कबर कधी खणली, कधी बुजवली, किल्ली कोणाकडे होती, हे सगळं रेक्टर आणि कबर खणणारा यांच्या रोजच्या कामाचं ज्ञान. कोणी मेलं की मोठी घंटा ठोके देते, पुरुषाला नऊ, बाईला सहा, आणि मग वयाचे. शेतात काम करणारा माणूस ठोके मोजून कोण गेलं ते ओळखतो. शेवटाकडे पूर येतो आणि सगळं गाव चर्चमध्ये येऊन राहतं. तेव्हा हा विसरभोळा म्हातारा पुराची तयारी आधीपासून कागदावर करून बसलेला असतो, कोणी कुठे झोपायचं, गुरं कुठे बांधायची. खुनाइतकाच मला तो भाग आवडतो.

प्रत्यक्ष पाद्र्यांनीही रहस्यकथा लिहिल्या, आणि हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. कॅनन व्हिक्टर व्हाइटचर्च हा चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू; त्याच्या १९२७ च्या ‘द क्राइम ॲट डायनाज पूल’मध्ये वेस्टरहॅम नावाचा व्हिकर छडा लावतो. ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सभासदांनी साखळीने लिहिलेली कादंबरी, तिचं पहिलं प्रकरण त्याचंच. सिरिल ॲलिंग्टन आधी ईटनचा हेडमास्तर, मग डरहॅमचा डीन, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलचा प्रमुख, आणि निवांत वेळात ‘आर्चडीकन्स अफ्लोट’सारख्या थट्टेखोर गोष्टी लिहिणारा. रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले ते अनेकांना पाठ असतात. तो अँग्लिकन बिशपचा मुलगा, स्वतः अँग्लिकन धर्मगुरू झाला आणि १९१७ साली कॅथलिक झाला. व्हाइटचर्च आज वाचायला संथ वाटतो. इतिहासाची हौस असेल तरच शोधा.

कवी ऑडेनने १९४८ साली रहस्यकथेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच व्हिकरेज आहे. पूर्ण समाधान देणारे म्हणून त्याने तीनच गुप्तहेर निवडले: होम्स, इन्स्पेक्टर फ्रेंच आणि फादर ब्राऊन. स्वतः अँग्लिकन असून त्याला आपल्या पंथाचा एकही सापडला नाही. त्या वेळी ते खरंही होतं. वेस्टरहॅमसारखा अपवाद सोडला तर व्हिकर तोवर साक्षीदार, कथा सांगणारा, नाहीतर विनोदाला तोंडी लावणं; मालिकेचा नायक म्हणून तो पुष्कळ नंतर उभा राहिला.

तुमचा सिडनी चेंबर्स त्या नंतरच्यांपैकी. जेम्स रन्सीचं पहिलं पुस्तक २०१२ साली आलं, कथा सुरू होते १९५३ मध्ये. रन्सी हा रॉबर्ट रन्सीचा मुलगा, म्हणजे १९८० ते १९९१ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप होते त्यांचा. वडील दुसऱ्या महायुद्धात स्कॉट्स गार्ड्समध्ये लढले, मिलिटरी क्रॉस मिळवला आणि मग धर्मगुरू झाले. सिडनीचा भूतकाळही तोच. त्यामुळे या पुस्तकांत व्हिकरचा दिवस कसा जातो ते आतून आलेलं आहे. पहिल्या पुस्तकात कादंबरी नाही, सहा गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत एका वकिलाचा दफनविधी आटोपतो. सगळ्यांच्या लेखी ती आत्महत्या. विधी संपल्यावर एक बाई मागे थांबते आणि सिडनीला सांगते, तो माझा प्रियकर होता, त्याने जीव दिलेला नाही, त्याला मारलंय. ती पोलिसांकडे का जात नाही? कारण तिचं लग्न झालेलं आहे आणि तिला बभ्रा नको आहे. ती त्याच्याकडे येते ते त्याच्या कॉलरमुळे. कसोटी पास.

मालिकेतला सिडनी जरा जास्त देखणा, जास्त दुःखी आणि जास्त व्हिस्की पिणारा आहे. पुस्तकातला चांगल्या अर्थाने संकोची आहे. रविवारचं प्रवचन अजून लिहून झालं नाही याचं ओझं त्याच्या डोक्यावर कायम. गुरुवारी तो इन्स्पेक्टर कीटिंगबरोबर केंब्रिजच्या ईगल पबमध्ये बॅकगॅमन खेळतो. हा पब खरा आहे, आणि डीएनएची रचना सापडल्याचं शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकने १९५३ च्या फेब्रुवारीत तिथेच जाहीर केलं, म्हणजे कथेच्या नेमक्या त्याच वर्षी. ब्रिटनमध्ये तेव्हा फाशी चालू होती, शेवटची १९६४ मध्ये झाली. खुनी शोधून देणं म्हणजे त्याला दोरापर्यंत पोचवणं. क्षमेचं प्रवचन देणाऱ्याला हे किती जड जाईल ते रन्सी विसरू देत नाही. मालिकेत पुढे व्हिकर बदलत गेले, आणि नवव्या पर्वापासून रिशी नायरने साकारलेला भारतीय वंशाचा ॲल्फी कोट्टारम तिथे आला. तो फक्त पडद्यावरचा. पुस्तकांत शोधू नका.

रिचर्ड कोल्सचं नाव मी आवर्जून घेते. हा गृहस्थ १९८६ साली कम्युनार्ड्स बँडमधून ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. नंतर धर्मगुरू झाला आणि २०२२ पर्यंत नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या फिनेडनचा व्हिकर होता. त्याच वर्षी ‘मर्डर बिफोर ईव्हनसाँग’ आली. चॅम्प्टन गावचा रेक्टर डॅनियल क्लेमंट, त्याची फटकळ आई ऑड्री आणि दोन डाक्सहुंड कुत्रे. गावात भांडण कशावरून पेटतं? चर्चमध्ये शौचालय बांधायचं की नाही यावरून. हसू नका. जुन्या चर्चमध्ये एक खिळा ठोकायचा तरी धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या कारभाराची, परवानगी लागते. समिती, आर्चडीकन, सल्लागार मंडळ आणि शेवटी धर्मप्रांताचा न्यायाधीश, असा तो प्रवास. शौचालयासाठी मागची बाकं काढायची, म्हणजे कोणाच्या तरी आजोबांनी दिलेली बाकं. अशा सभेत माणसं जी बोलतात, ते कोल्सने खुर्चीवर बसून ऐकलेलं आहे हे ओळीओळीला कळतं. त्यातच वाड्यावरच्या लॉर्डचा एक नातलग चर्चमध्ये मरून पडलेला सापडतो. खुनाचं हत्यार, झाडं छाटायची कात्री. रहस्याचं बांधकाम थोडं सैल आहे, पण गावाचं चित्रण एक नंबर. काळ निवडलाय १९८८. डीएनएच्या पुराव्यावर खुनाची पहिली शिक्षा त्याच वर्षी जानेवारीत, लेस्टरशायरमधल्या खटल्यात झाली. पोलिसांच्या हातात हे हत्यार नुकतंच येत होतं. व्हिकरच्या कानावर विसंबण्याचे ते शेवटचे दिवस. २०२५ मध्ये यावर मालिकाही आली.

स्त्री-पाद्री नायिका या कादंबऱ्यांत उशिरा आल्या, कारण चर्चनेच उशीर केला. चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना पूर्ण धर्मगुरू करण्याचा ठराव १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केला आणि पहिला दीक्षाविधी १९९४ च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला झाला. त्याआधी त्या डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या, होऊ शकत, पण प्रभुभोजनाचा विधी करू शकत नव्हत्या. डी. एम. ग्रीनवुडची थिओडोरा ब्रेथवेट ही अशी डीकन, पहिलं पुस्तक ‘क्लेरिकल एरर्स’, १९९१. त्यात कॅथेड्रलमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडात कापलेलं मुंडकं सापडतं. पण खरी मजा आहे ती धर्मप्रांताच्या कार्यालयातल्या कुरघोड्यांची. केट चार्ल्सची कॅली ॲन्सन क्युरेट, म्हणजे व्हिकरच्या हाताखालची पाद्री, आहे, आणि तिला खुन्यापेक्षा तिला पाद्री न मानणारे सहकारी जास्त छळतात.

या सगळ्यांत फिल रिकमनची मेरिली वॉटकिन्स मला उजवी वाटते. विधवा, किशोरवयीन मुलीची आई, सिगारेट ओढणारी, हेरिफर्डशायरमधल्या लेडवर्डिनची व्हिकर. पहिलं पुस्तक १९९८ चं, पण दुसऱ्यात, ‘मिडविंटर ऑफ द स्पिरिट’मध्ये, बिशप तिला धर्मप्रांताची भूतबाधा उतरवणारी नेमतो. हे लेखकाच्या मनचं नाही. असं काम पाहणारा माणूस धर्मप्रांतांत खरोखर असतो, आणि १९७५ पासूनच्या नियमांनुसार त्याला वैद्यकीय सल्ला घेऊनच पुढे जावं लागतं. म्हणजे दार ठोठावणारा माणूस आजारी आहे, खोटारडा आहे, की आणखी काही, हे शोधणं हाच तिचा पेशा, आणि रहस्यकथा तिथून सहज सुरू होते. रिकमन पत्रकार होता, २०२४ साली गेला. धारपांच्या भयकथांवर वाढलेल्यांनी ही मालिका चुकवू नये.

अमेरिकेत याच पंथाला एपिस्कोपल म्हणतात. ज्युलिया स्पेन्सर-फ्लेमिंगची क्लेअर फर्ग्युसन सैन्यात हेलिकॉप्टर चालवायची, मग धर्मगुरू झाली. ‘इन द ब्लीक मिडविंटर’ची सुरुवात बर्फाळ रात्री चर्चच्या दाराशी सोडलेल्या बाळापासून होते. तिथे राज्याचं चर्च नाही, पॅरिशचा हक्क नाही, त्यामुळे क्लेअरला आत शिरायला पोलीसप्रमुखाशी मैत्री लागते. ती मैत्री पुढे अवघड वळण घेते. रहस्यापेक्षा तेच लोकांना ओढून नेतं.

‘सोडा’ म्हणून मी काय बाजूला टाकते? एक, व्हिकर पूर्वी गुप्तहेर खात्यात होता, म्हणून त्याला सगळं जमतं. जी. एम. मॅलिएटचा मॅक्स ट्यूडर असाच एमआय-फाइव्हमधून आलेला. पुस्तकं गोड आहेत, प्रवासात वाचावीत, पण त्यात कामाला येतं ते जुनं प्रशिक्षण, कॉलर नाही. दोन, आजच्या काळातला व्हिकर व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चमधल्या झगे-वह्या ठेवायच्या खोलीतल्या, पेटीतून दोनशे वर्षांची नोंदवही काढतो आणि वारसाचं गुपित उलगडतं. १९७८ च्या नियमांनंतर जुन्या वह्या अभिलेखागारात जमा झाल्या. हल्लीच्या व्हिकरला तिथे रीतसर अर्ज करावा लागेल. २०२१ पासून लग्नाची जुनी रजिस्टरंही बंद झाली. तीन, दफनभूमीतलं प्रेत रातोरात उकरून बघणं. पवित्र केलेल्या जमिनीतून कोणालाही हलवायला चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते, आणि हे व्हिकरइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तोच फावडं घेऊन निघाला की मी पुस्तक मिटते. चार, आजची कथा आणि एका गावाला एक निवांत व्हिकर. आता खेड्यांतला व्हिकर पाच-सहा गावं सांभाळतो, रविवारी गाडीने पळापळ करतो, आणि जुनी व्हिकरेजेस श्रीमंतांनी केव्हाच विकत घेतली आहेत. बहुतेक लेखक कथा १९५३ किंवा १९८८ मध्ये का नेतात, ते यातून कळेल.

पी. डी. जेम्सची ‘डेथ इन होली ऑर्डर्स’ (२००१) या यादीत तांत्रिकदृष्ट्या बसत नाही, कारण तपास पोलिसांचा आहे. पण घटनास्थळ समुद्रकाठचं अँग्लिकन धर्मशिक्षण महाविद्यालय, आणि तपास अधिकारी डाल्ग्लिश हा रेक्टरचा मुलगा. त्याला कुठल्या दाराआड काय चालतं ते लहानपणापासून माहीत आहे. पाद्र्याचं डोकं आणि पोलिसाचा अधिकार एकाच माणसात हवा असेल तर हे घ्या.

तर क्रम असा ठेवा. आधी ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’, दोन बैठकीत होईल. मग कोल्सचं पहिलं. त्यातलं चर्चचं राजकारण आवडलं तर ग्रीनवुडकडे वळा, नाही आवडलं तर थेट रिकमनचं दुसरं पुस्तक उचला. पहिलं नंतर वाचलं तरी चालतं. रन्सी मात्र क्रमानेच वाचा, कारण सिडनीचं लग्न, बढती आणि वय पुस्तकागणिक पुढे सरकतं. ‘द नाईन टेलर्स’ सगळ्यात शेवटी, पावसाळ्यात, सवडीने. त्यात घंटा कुठल्या क्रमाने वाजवायच्या याची पानंच्या पानं आहेत, ती भराभर उलटलीत तरी चालेल. फक्त घंटाघरात कोण, कधी आणि का चढलं, एवढं पेन्सिलने टिपून ठेवा.